व्यासपीठ आणि सातबारा

यवतमाळहून नागपूरकडे निघाले की वाटेत कळंब लागते. चिंतामणीचे गाव म्हणून ते विदर्भभर ओळखले जाते. चिंता हरण करणाऱ्या या दैवताच्या तालुक्यात गेली कित्येक वर्षे चिंता हेच हुकमी पीक होऊन बसले आहे, हे म्हणणे कटू असले तरी खोटे नाही.

याच तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. त्यांच्या शेतकरी पतीने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. उद्घाटनाचा मान मुळात नयनतारा सहगल यांना दिलेला होता. उधळून लावण्याच्या धमकीपुढे आयोजकांनी मान तुकवली आणि निमंत्रण मागे घेतले. अनेक साहित्यिकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. मग त्या रिकाम्या जागेसाठी शेतकऱ्याची विधवा आठवली! स्वतःचे भय झाकण्यासाठी दुसऱ्याच्या दुःखाची शाल पांघरण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात नवी नाही.

पण ज्यांना शोभेची पाहुणी हवी होती, त्यांना ती मिळाली नाही. वैशालीताई शेतमालाच्या भावाविषयी आणि विधवेच्या वाट्याला येणाऱ्या जिण्याविषयी बोलल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणाऱ्या या बाईने त्याच वर्षी लोकसभेची निवडणूकही लढवली. त्या निवडून आल्या नाहीत.

अशा धैर्याचे कौतुक करणे सोपे आहे. मात्र त्याची गरज कोणामुळे पडते, याचा हिशेब मांडणे अवघड जाते. कोरडवाहू कापसाचा खर्च पेरणीपासून सुरू होतो आणि तो रोखीने करावा लागतो. उत्पन्न मात्र पावसावर आणि शेतकऱ्याने कधी न पाहिलेल्या बाजारांवर अवलंबून असते. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत दोष पुष्कळ होते, परंतु जोखमीचा काही वाटा सरकारने उचलावा हे तत्त्व तीत होते. योजना मोडीत निघाली आणि ती जोखीम पुन्हा एकट्या कुटुंबाच्या डोक्यावर आली.

कर्ता पुरुष गेल्यावर ती बाईच्या डोक्यावर येते. मदतीचे प्रकरण 'पात्र' ठरण्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावे असावी लागते. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. ज्याने खरोखर तगादा लावला तो बिनपरवाना सावकार कागदावर कुठेच नसतो, म्हणून ते मरणही 'अपात्र' ठरते. जणू फास सरकारमान्य कर्जाचाच असायला हवा. मग वारसाची नोंद, सासरच्यांची संमती, तलाठ्याची भेट. नाव सातबाऱ्यावर चढल्याखेरीज पीककर्ज नाही, आणि मजुरी बुडवल्याखेरीज तहसील कचेरीची फेरी होत नाही. अशा फेरीला छायाचित्रकार येत नाहीत. संमेलनाच्या व्यासपीठावर उभे राहण्याहून हे धैर्य तसूभरही कमी नाही, आणि ते वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसताना दाखवावे लागते.

आपले कार्यकर्तेही आत्महत्येच्या बातमीनंतर घरी जातात, निवेदन देतात, मोर्चा काढतात. तेराव्यानंतर त्या घरी पुन्हा किती जण जातात? कोणत्या विधवेची वारसनोंद कोणत्या टेबलावर अडली आहे, याची यादी आपल्या किती तालुका शाखांच्या दप्तरात आहे? निदान कळंबची तरी यंदाच्या पेरणीपूर्वी तयार व्हावी.