पीककापणीचा हिशेब पोरांनाही लावा

खरीप निघायला लागला की गावोगाव पीककापणी प्रयोगाची गडबड सुरू होते. गट नंबर कोणता निघाला, प्लॉट कुठे आखला, वजन कोणासमोर झाले, याकडे सारे गाव डोळ्यांत तेल घालून पाहते. पाहायलाच हवे, कारण विम्याचा पैसा त्यावर ठरतो. विहिरीजवळचा हिरवागार तुकडा बघून कोणी प्लॉट आखू लागला, तर अंगठेबहाद्दर म्हातारासुद्धा म्हणेल, "असं नाही चालायचं भाऊ, नंबर काढा!" बियाण्याचा विक्रेता नव्या वाणाची फुशारकी मारू लागला, तर आपण विचारतो, शेजारी जुन्या वाणाचा पट्टा कुठे आहे? पाऊसच चांगला झाला असेल तर वाणाचे कौतुक कशाला?

मात्र गावातल्या पोरांचा विषय निघाला की ही हुशारी कुठे जाते? अंगणवाडीच्या कागदावर कुपोषणाचा टक्का उतरला की आपण टाळ्या वाजवतो. डोके तल्लख करणाऱ्या पावडरीच्या डब्यावर एका गुटगुटीत बाळाचा फोटो दिसला की पैसे काढून देतो. तुलनेचा पट्टा कोणी मागत नाही.

शेतकी खात्याच्या माणसाने पोरांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. पण शेत आणि मूल मोजण्याची रीत एकच आहे. ज्यांनी १९४० च्या दशकात देशातल्या पीककापणीला नमुना पाहणीची शास्त्रीय बैठक दिली, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले आणि नंतर पुण्यात येऊन त्यांनी माणसाच्या पोषणाचा अभ्यास केला. पिकाचा हिशेब मांडणारा माणूस पोटाच्या हिशेबाकडे वळला, यात नवल नाही.

जमैका देशातला एक प्रयोग तर आपल्या प्रात्यक्षिक प्लॉटसारखाच आहे. वयाच्या मानाने उंची खुंटलेली, नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ मुले घेतली. त्यांचे चार गट केले. एका गटाला जादा काही नाही, दुसऱ्याला दर आठवड्याला दूध पावडर, तिसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला-बोलायला शिकवायचे, चौथ्याला दोन्ही. कोणते मूल कोणत्या गटात, हे कोणाच्या मर्जीवर ठेवले नाही. प्रयोग दोन वर्षे चालला आणि १९९१ साली निष्कर्ष छापून आले. आहाराने बौद्धिक वाढ सुधारली, खेळानेही सुधारली, आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. खत आणि पाणी दोन्ही मिळालेल्या पिकासारखे! पुढे त्यांचा माग ठेवला. बाविसाव्या वर्षी खेळ मिळालेल्यांची कमाई, तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. प्रयोग लहान होता, हे खरे. पण शेजारचा पट्टा ठेवला नसता तर खेळाचा वाटा कोणाला कळला असता?

आता आपल्याकडे या. बोराडी, सांगवीच्या वरच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबे गुजरातेत मजुरीला आणि ऊसतोडीला जातात. समजा, अंगणवाडीत ४० मुले, त्यांपैकी १० कमी वजनाची. टक्का २५. दिवाळीनंतर १२ मुले आईबापांबरोबर गेली. जातात ती गरिबाचीच, म्हणून त्यांत कमी वजनाची ७. मागे उरली २८, त्यांत कमी वजनाची ३. टक्का आला ११ वर! एकाही पोराचे वजन पावशेराने वाढले नाही, आणि कागद मात्र सुधारला. यात सेविकेचा दोष नाही. समोर असलेल्याच पोरांचे वजन ती करणार. दोष आपला, कारण "किती पैकी?" हे आपण विचारत नाही.

दुसरी गोष्ट एकाच मापाची. एका दिवसाच्या वजनावरून पोर धडधाकट ठरत नाही आणि एका परीक्षेवरून मठ्ठही ठरत नाही. वजन थोडे कमी, पण महिन्याला चढते आहे, त्या पोरापेक्षा वजन बरे पण दोन महिने जागेवरच थांबलेल्या पोराची काळजी आधी करावी. पिकाची वाढ खुंटली की आपण दुसऱ्याच दिवशी मुळी उपटून बघतो ना?

म्हणून सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तीन सूचना आहेत. एक, दिवाळीआधी सहा वर्षांच्या आतील सर्व मुलांची यादी करा आणि बाहेर गेलेली मुले यादीतून गाळू नका. कुठे गेली ते लिहा, परतल्यावर पहिल्याच आठवड्यात वजन करा. दोन, ग्रामसभेत टक्का वाचताना "किती पैकी किती, आणि मागच्या वर्षी याच महिन्यात किती" हेही वाचा. पोरांची नावे मात्र चारचौघांत घेऊ नका. तीन, महिला व बालकल्याणाचा दहा टक्के निधी भिंती रंगवण्यात संपवण्याआधी खेळणी, गोष्टी आणि आयांच्या बैठकींचा विचार करा.

कपाशी एका हंगामात बुडाली तर पुढच्या वर्षी पेरता येते. पोराची पहिली वर्षे दुबार पेरता येत नाहीत. त्यांची मोजणी तरी पीककापणीइतक्या कडक नजरेने व्हायला नको का?