गुणाढ्याची पाने अजून जळतच आहेत

परभणीहून जिंतूरच्या वाटेवर बोरी लागते. मराठवाड्यातील अनेक मोठ्या गावांसारखेच हे एक गाव. राजधानीतल्या वृत्तपत्रांत त्याचे नाव यायचे ते दुष्काळाच्या नाहीतर गारपिटीच्या बातमीत. पण या गावाचे भौगोलिक स्थान मोठे बोलके आहे. उत्तरेला, शंभर किलोमीटरच्या आत, लोणारचे सरोवर आणि दक्षिणेला गोदावरीचे खोरे. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले असे भूशास्त्र सांगते. विष्णूने तेथे लवणासुराचा वध केला असे स्थळपुराण सांगते, आणि गावातील दैत्यसूदनाचे मंदिर ती कथा आजही जागती ठेवते. आकाशातून कोसळलेला पाषाण आणि भूमीच्या पोटात दडलेला असुर! एकाच विवराच्या या दोन कथा ज्या मुलाच्या आजोळी सांगितल्या जातात, त्याच मुलाला विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा हे सारे विलायतेतून आलेले वाङ्मय आहे, असे शिकवले जाते. हा समज पसरवणारे आपल्याच विद्यापीठांतून निपजले, हे विशेष.

गोदावरीच्या काठाने थोडे वर, पैठणला जावे. सातवाहनांच्या या प्रतिष्ठान नगरीशी गुणाढ्याचे नाव जोडलेले आहे. त्याची बृहत्कथा म्हणजे अद्भुत कथांचा महासागर. परंपरा सांगते की, पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिलेला तो सात लक्ष श्लोकांचा ग्रंथ राजाने तुच्छ म्हणून परत धाडला. व्यथित गुणाढ्याने अरण्यात अग्नी पेटवला, एकेक पान वनातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवले आणि ज्वाळांत टाकले. राजाला उपरती होईपर्यंत सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते. उरले एक लक्ष. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्याच परंपरेतून कथासरित्सागर रचला आणि वेताळाच्या पंचवीस कथाही त्यात आल्या. स्मशान, खांद्यावरचे प्रेत, प्रेतात शिरलेला वेताळ आणि प्रत्येक कथेअंती न्यायाचा प्रश्न. भय, अद्भुत आणि बुद्धीची कसोटी एकाच सूत्रात ओवणारा इतका जुना कथासंग्रह जगात क्वचितच सापडेल.

भाषेला तुच्छ लेखून ग्रंथ नाकारणारा तो राजा आता नाही. त्याची गादी मात्र रिकामी राहिलेली नाही.

गेल्या शतकात हे वाङ्मय मराठीत जगवले ते दिवाळी अंकांनी. १९०९ साली 'मनोरंजन'कार मित्रांनी सुरू केलेल्या या परंपरेत अनंत अंतरकरांचे 'नवल' उभे राहिले, रहस्यकथांना वाहिलेले 'धनंजय' आले. एकाच अंकात कृष्णविवर, झपाटलेला वाडा आणि अज्ञात बेट एकत्र नांदू लागले. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे ही नावे मध्यमवर्गीय घरांत आवडीने घेतली जाऊ लागली. वाचकांनी अंक डोक्यावर घेतले, समीक्षकांनी मात्र त्यावर 'रंजनपर' असा शिक्का मारला आणि विषय संपवला. पुढच्या दिवाळीपर्यंत अंक रद्दीत जातो. लेखकाचा स्वतंत्र संग्रह निघाला तर कथा वाचते, न निघाला तर गुणाढ्याच्या सहा लक्ष श्लोकांची वाट धरते.

डॉ. जयंत नारळीकरांचेच पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आद्याक्षरे उलटी करून. जगद्विख्यात शास्त्रज्ञाचे नाव बघून परीक्षकांनी झुकू नये, एवढाच हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहिली. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नसती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत. अडीच शतके मराठी मनात सलणाऱ्या जखमेवर इतक्या शांतपणे आणि इतक्या शास्त्रीय शिस्तीने बोट ठेवणारी दुसरी कथा दाखवावी! ही कथा देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकातून, 'दि ॲडव्हेंचर' या नावाने, इंग्रजीत. परभणी-नांदेडच्या सीबीएसई वर्गातला मराठी मुलगा पानिपतचा विजय इंग्रजी धडा म्हणून पाठ करतो आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे लिहितो. मूळ कथा आपल्याच भाषेची आहे हे त्याला कोण सांगणार?

दुसरे उदाहरण बाल फोंडके यांचे. त्यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली प्रसिद्ध केला. संपादक मराठी, त्यातील कथांत मोठा वाटा मराठी लेखकांचा, आणि पुस्तक इंग्रजी! हे काम मोलाचे आहे, त्याविषयी वाद नाही. अन्य भाषिकांना मराठी विज्ञानकथेचा परिचय झाला. दिव्याखालचा अंधार मात्र तसाच राहिला.

भयकथेचा भोग तर याहून वाईट. २०१८ साली 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला, २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि दुसऱ्या वेळी अधिक गाजला. त्यामागच्या प्रेरणांत नारायण धारपांची 'आजी' ही कथा होती, हे किती प्रेक्षकांना ठाऊक आहे? धारपांनी ती कल्पना स्टीफन किंगकडून उचलली होती, असे कोणी लगेच म्हणेल. खरे आहे, 'लुचाई' आणि 'शपथ' या कादंबऱ्यांचेही मूळ तिकडेच आहे. हे लपवण्याचे कारण नाही. पण धारपांच्या वाड्यात शिरणारे अमंगल मराठी घरातले असते, आणि त्याच्याशी झुंजायला 'समर्थ' उभे राहतात, उपासनेच्या बळावर. ही भर कोणत्याही अमेरिकी पुस्तकातून उचललेली नाही.

या वाङ्मयाकडे पाहताना दोन टोकाचे आक्षेप ऐकू येतात. तथाकथित पुरोगामी म्हणतात, भुताखेतांच्या गोष्टींनी अंधश्रद्धा फोफावते. विक्रमाला वेताळ भेटतो म्हणून कोणी वेताळपूजेला लागल्याचे ऐकिवात नाही. उत्तर ठाऊक असून जो गप्प बसेल त्याच्या डोक्याची शकले होतील, हीच वेताळाची अट होती, आणि ती मौन पाळणाऱ्या विद्वानांना झोंबत असावी. दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे, म्हणून तो अधिक रोखठोकपणे तपासला पाहिजे. पुष्पक विमान होतेच, मग विज्ञानकथा हवी कशाला, असे भाषणांतून टाळ्या घेण्यासाठी सांगितले जाते. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिले आहे. विज्ञाननिष्ठ निबंध लिहिणाऱ्या सावरकरांना असल्या टाळ्या रुचल्या नसत्या. वाल्मीकींच्या प्रतिभेला यंत्रशाळेच्या दाखल्याची गरज काय? ज्योतिषाविषयी नारळीकरांनी मांडलेली मते या वर्तुळातील अनेकांना बोचली होती. तरीही 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा लिहिताना त्यांनी घरोघरच्या गणपतीतूनच अवकाशाच्या भूमितीचे कोडे उलगडले, आणि ते लिहिताना श्रद्धेची कुठेही टवाळी केली नाही.

१८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या साहित्य संमेलनाने नारळीकरांना अध्यक्षपद दिले ते २०२१ साली, नाशिकला. तोवर प्रकृतीमुळे त्यांना मंडपात येणेही जमले नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारपांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. मतकरी २०२० मध्येच गेले. ही पिढी सरली आहे आणि तिची कथा मात्र विखुरलेली आहे. मराठवाड्यातल्याच साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके नव्याने काढली, हे अभिनंदनीय. परंतु एका लेखकाचे पुस्तक ज्याला नाव ठाऊक आहे तोच मागतो. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या वाचकाच्या हाती विज्ञान, अद्भुत आणि भय या तिन्ही प्रांतांतील निवडक पंधरा-वीस कथा एका जिल्दीत पडाव्या लागतात. त्यातूनच तो आपला लेखक शोधतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सोहळे झाले, हारतुरे झाले. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आता अशा प्रातिनिधिक संग्रहांची माला हाती घ्यावी. जुन्या दिवाळी अंकांच्या फायली ज्यांच्याकडे आहेत, त्या वाचनालयांनी आणि कुटुंबांनी त्या खुल्या कराव्यात. शासनमान्य ग्रंथांच्या यादीत ही माला यावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या तालुक्यातल्या आणि खेड्यातल्या ग्रंथालयांनी खरेदीच्या वेळी तिच्यासाठी आग्रह धरावा. तोवर स्वयंसेवकांना एक काम सहज करता येईल. यंदाच्या दिवाळीनंतर घरातला 'नवल' वा 'धनंजय' रद्दीवाल्याच्या तराजूत न टाकता जिंतूरच्या गाडीत बसवून बोरीच्या एखाद्या शाळेत पोहोचता करावा.