न खेळलेल्या खेळण्यांची किंमत

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की ती पडताळून पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. पण जुन्या खेळण्यांचा संग्रह करणाऱ्यांना विचारावे. सगळेच जुने सोने नसते, हे ते लगेच सांगतील. सुटे भाग जोडून क्रेन, पूल किंवा घर उभारण्याचे जे संच असतात, त्यांच्या बाबतीत तर ही म्हण फारच थोड्या वेळा खरी ठरते. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन संचांपैकी एक कवडीमोलाने विकला जातो, आणि दुसऱ्यासाठी माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात. असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार करताना मला जे जाणवले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

या खेळण्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव मेकॅनोचे. आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही ते परिचित आहे, आणि ‘मेकॅनिक्स’ या नावाचे त्याच धर्तीचे देशी संच आपल्या दुकानांतून मिळत आले आहेत. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात मांसाची आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेबनीस असलेल्या फ्रँक हॉर्नबी या गृहस्थांनी आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या तयार केल्या, आणि १९०१ साली त्यांचे पेटंट घेतले. प्रत्येक दोन भोकांत अर्ध्या इंचाचे अंतर. कल्पना एवढीच! पण त्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येऊ लागली. १९०७ साली ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवले गेले, आणि १९१४ पासून लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखान्यातून हे संच जगभर जाऊ लागले. तो कारखाना १९७९ साली बंद पडला. म्हणजे पासष्ट वर्षे हे खेळणे तेथे मोठ्या प्रमाणावर बनत होते. मग त्यात दुर्मिळ असे काय असणार?

पहिले कारण रंगाचे. सुरुवातीचे भाग निकेलचा मुलामा दिलेले, चकचकीत असत. १९२६ साली लाल आणि हिरवा रंग आला. १९३४ साली निळ्या रंगाचे आणि सोनेरी पट्ट्यांचे संच निघाले; पण थोड्याच वर्षांत दुसरे महायुद्ध सुरू झाले, कारखाना युद्धसामग्रीच्या कामाला लागला, आणि युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा रंग आला. त्यामुळे निळ्या-सोनेरी संचांचे आयुष्य अल्प ठरले. संग्राहक आज त्यांच्या मागे धावतात, ते त्या रंगाच्या सौंदर्यापेक्षा त्या थोड्या वर्षांमुळे. महायुद्ध झाले नसते, तर तो रंग कदाचित सामान्यच ठरला असता.

दुसरे कारण पैशाचे. १९३७ पासून या संचांना शून्यापासून दहापर्यंत क्रमांक होते. दहा क्रमांकाचा संच म्हणजे खणांचे लाकडी कपाटच. तो किती घरांत गेला असेल? जे मुळातच मोजक्या श्रीमंत मुलांच्या वाट्याला आले, ते आज मोजकेच उरले, यात नवल नाही. आजची दुर्मिळता ही पुष्कळदा कालची महागाई असते.

तिसरे कारण मला सर्वांत मनोरंजक वाटते. ज्याला मोठा संच परवडत नसे, त्याच्यासाठी पूरक संचांची सोय होती. तीन क्रमांकाच्या संचात त्याचा पूरक संच मिळवला, की चार क्रमांकाचा संच तयार होई. एका वाढदिवसाला मूळ संच, दुसऱ्याला पूरक, असे करत मुलगा वर चढत जाई. पण याचा अर्थ असा, की तीन क्रमांकाचा संच चार क्रमांकात विरून गेला! त्याची पेटी फाटली, त्याचे भाग मोठ्या ढिगात मिसळले. तो हरवला नाही, मोडला नाही; तो वाढला, आणि म्हणूनच नाहीसा झाला.

शिवाय जोडणीच्या खेळण्यांचा एक स्वभाव आहे. बाहुलीचा हात तुटला तरी ती बाहुलीच राहते. येथे मात्र दोनचार भाग हरवले की ‘पूर्ण संच’ हा शब्द संपतो. नट पलंगाखाली जातात, पाना वडिलांच्या हत्यारांत मिसळतो, माहितीपुस्तिकेची पाने सुटतात. जुने संच पेटीत पुठ्ठ्यांवर दोऱ्याने बांधून येत असत. तो दोरा मूळचाच आहे, आजवर सुटलेलाच नाही, असा संच मिळाला तर संग्राहकाला परमानंद होतो.

काही वेळा द्रव्यच दगा देते. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९४९ साली प्लॅस्टिकच्या विटा काढल्या. त्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या असत. १९६३ पासून अधिक टिकाऊ प्लॅस्टिक वापरात आले. आधीच्या विटा काळाच्या ओघात वाकतात, आणि मग एकमेकींत नीट बसत नाहीत. जोडण्यासाठीच जन्मलेली वीट जोडता येऊ नये, ही तिची शोकांतिकाच! याउलट जर्मनीतील रुडॉलश्टाट येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनू लागलेले ‘अँकर’ ठोकळे पाहा. वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांचे ते ठोकळे शंभर वर्षांनंतरही कामाला येतात. मुलांच्या हाताळण्याने कोपरे टवके उडालेले असतात, एवढेच.

ही सारी कारणे एकत्र ठेवली, की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. वर्षे, रंग, क्रमांक काहीही असो, शेवटी सर्वांत जास्त मोल मिळते ते न वापरलेल्या संचाला. म्हणजे संग्राहक ज्याची किंमत मोजतो, ते एका मुलाचे न खेळणे असते. कोणा मुलाला तो संच आवडला नसेल. कोणाच्या आईने ‘खराब होईल’ म्हणून तो कपाटावर ठेवला असेल. कोणी तो उघडण्यापूर्वीच जगातून गेला असेल. आपण मात्र त्या पेटीकडे पाहून म्हणतो, ‘किती उत्तम स्थितीत आहे!’

माझा आक्षेप नेमका या ‘उत्तम’ शब्दाला आहे. जे खेळणे हातात घेण्यासाठी बनवले गेले, ते कोणाच्याच हातात गेले नाही, तर त्याची स्थिती उत्तम कशी? मी ज्या घरातून आलो, तेथे वस्तू जपणे म्हणजे ती न वापरणे असे कधी नव्हते. सायकल जपायची, म्हणजे रोज पुसून रोज चालवायची. घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. माझी पाठ्यपुस्तके माझ्या आधी दोघातिघांनी वापरलेली असतात, आणि समासातल्या त्यांच्या खुणांनी ती मला अधिकच उपयोगी पडतात. अशा माणसाला न उघडलेल्या पेटीचे कौतुक थोडे परकेच वाटणार.

अर्थात संग्राहकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. न खेळलेला एखादा संच शिल्लक राहिला नसता, तर मूळ रंग कोणता, कोणत्या पेटीत कोणते भाग होते, दोरा कसा बांधला होता, हे आज कळले नसते. इतिहासाला पुरावा लागतो, आणि पुरावा जपणाऱ्यांचे ऋण मान्य करायलाच हवे. पुरावा म्हणून असे दोनचार संच जरूर राखावेत. पण पुरावा वेगळा आणि आदर्श वेगळा. संग्रहालयात एक न वापरलेली वस्तू असावी. म्हणून न वापरणे हाच गुण ठरत नाही.

या मताच्या पुष्ट्यर्थ एक घटना सांगतो. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री हे प्राध्यापक आणि आर्थर पोर्टर हा त्यांचा विद्यार्थी यांनी विकलक समीकरणे सोडवणारे एक यंत्र बांधले. असे मोठे यंत्र अमेरिकेत होते, पण ते फार खर्चाचे. या दोघांनी ते मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून, सुमारे २० पौंडांत उभे केले! खेळण्यातली दातेरी चाके आणि दांडे वापरून त्यांनी खरे गणित सोडवले. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये तसेच एक यंत्र बांधले गेले; ते नंतर न्यूझीलंडला गेले आणि ऑकलंडच्या संग्रहालयात जपले गेले. ज्या पेट्यांतून त्या यंत्रांचे भाग आले, त्या पेट्यांचे काय झाले, याची चौकशी कोण करतो? ते संच ‘अपूर्ण’ झाले, दोरे सुटले, पट्ट्यांवर ओरखडे पडले. संग्राहकाच्या मापाने त्यांचे मोल बुडाले. पण मेकॅनोच्या साऱ्या इतिहासात त्या भागांहून मोलाचे भाग मला तरी दिसत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की दुर्मिळता आणि मोल या दोन शब्दांत आपण गल्लत करू नये. दुर्मिळता अपघाताने येते: युद्धाने, महागाईने, वाकणाऱ्या प्लॅस्टिकने, कोणाच्या तरी नावडीने. मोल मात्र कामातून येते. ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीवाटीने बसलेले असले, की मला ते पुस्तक भरवशाचे वाटते. ओरखडे पडलेल्या पट्टीकडेही तसेच पाहावे. बाजारात तिला भाव न मिळो. तिने निदान एक पूल तरी उभा केला आहे, आणि तो मोडून दुसरा उभा करण्याची संधी एका मुलाला दिली आहे.

पुढे-मागे एखादा जुना संच आपल्यापैकी कोणाच्या हाती आलाच, तर त्याची किंमत जरूर विचारावी. तो जाणकाराला दाखवावा, त्याचे साल शोधावे. पण घरात लहान मूल असेल, तर आधी दोरा सोडावा.