विश्लेषण : प्रेरणेचा मंच अहेरीपर्यंत का पोहोचत नाही?

आयआयएमसह अनेक बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थीच प्रेरणादायी वक्त्यांच्या परिषदा भरवतात. त्यातला सर्वात परिचित प्रकार म्हणजे ‘टेडएक्स’. बंग आणि आमटे कुटुंबांच्या कामामुळे अशा श्रोत्यांना गडचिरोलीचे नाव नवे नाही. मात्र याच जिल्ह्यातील अहेरीच्या विद्यार्थ्यांसाठी ही भाषणे बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावरच असतात.

टेडएक्सचे नियम काय आहेत?

‘टेड’ परिषद १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. २००९ पासून स्थानिक आयोजकांना ‘टेडएक्स’चे परवाने मिळू लागले. परवान्याला शुल्क नाही. वक्त्यांना मानधन देता येत नाही आणि भाषण १८ मिनिटांत संपवावे लागते. आयोजक टेडच्या मुख्य परिषदेला गेलेला नसेल, तर प्रेक्षकसंख्येवर १०० ची मर्यादा असते.

फायदा कोणाला?

भाषण यूट्यूबवर कोणालाही फुकट पाहता येते. आयोजनाचा अनुभव मात्र मोजक्या विद्यार्थ्यांनाच मिळतो. प्रायोजक शोधणे, अंदाजपत्रक आखणे, वक्त्यांशी बोलणे, चित्रीकरण सांभाळणे ही कामे वर्गात शिकता येत नाहीत. अहेरीच्या मुलांची खरी संधी हुकते ती इथे.

१८ मिनिटांत काय सुटते?

मंचावर यश दिसते, त्यामागची वर्षे दिसत नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये सुरू केली. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतल्यास मृत्यू कमी होतात, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला १९९९ मध्ये. म्हणजे मध्ये १३ वर्षे गेली. तरुणांसाठी २००६ मध्ये सुरू झालेला त्यांचा ‘निर्माण’ उपक्रमही एका भाषणावर थांबत नाही. तिथे शिबिरे होतात आणि पुढे प्रत्यक्ष कामाची संधी असते.

अहेरीत असे होऊ शकते?

नियमांचा अडसर नाही. अडचण अंतराची आणि पैशांची आहे. नागपूर विमानतळापासून अहेरी अडीचशे किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे बाहेरचे वक्ते आणणे महागात पडते. प्रायोजक होऊ शकतील अशा कंपन्याही जवळ फारशा नाहीत.

पण वक्ते बाहेरूनच आणले पाहिजेत, असे कुठे आहे? ‘पेसा’ कायद्यामुळे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदाराशी दर ठरवणे, मजुरी वाटणे, हिशेब गावापुढे मांडणे हे व्यवस्थापनाचेच धडे आहेत. कार्यक्रम इंग्रजीतच व्हायला हवा, असेही नाही. मराठी, गोंडी, माडिया किंवा तेलुगूत बोलणारे वक्ते इथे सहज मिळतील.

चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. त्याच्या महाविद्यालयांनी एक सभागृह आणि थोडा निधी दिला, तर सुरुवातीला टेडएक्सच्या नावाचीही गरज पडणार नाही. आयोजन मात्र विद्यार्थ्यांच्याच हाती हवे.