संस्कारवर्गातील एक दिवस विज्ञानाचा

उन्हाळ्याची सुटी लागली की गावोगावी संस्कारवर्ग सुरू होतात. स्तोत्रपठण, सूर्यनमस्कार, देशभक्तिगीते, थोर पुरुषांच्या कथा असा त्यांचा भरगच्च कार्यक्रम असतो. हे सारे हवेच. मात्र त्या आठ-दहा दिवसांतील एक संपूर्ण दिवस विज्ञानासाठी राखून ठेवावा आणि तो व्याख्यानाचा नव्हे, तर प्रत्यक्ष प्रयोगाचा असावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

या दिवसाचा मुहूर्त निसर्गानेच काढून ठेवला आहे. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य मध्याह्नी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. जुलै-ऑगस्टमधील शून्य सावलीचा दिवस बहुधा ढगांत हरवतो. मे महिन्यातील मात्र निरभ्र आकाशात साधतो. कोल्हापुरात ६ मे, पुण्यात १३ मे, मुंबईत १५ मे, तर नागपुरात २६ मेच्या सुमारास हा योग येतो. दिल्लीकरांच्या वाट्याला तो कधीच येत नाही.

साहित्य म्हणाल तर शाखेतला दंड पुरेसा आहे. सकाळीच सपाट जमिनीवर तो ओळंब्याने सरळ उभा करावा आणि त्याभोवती एक वर्तुळ आखावे. सावलीचे टोक सकाळी वर्तुळात शिरते आणि दुपारनंतर बाहेर पडते, ते दोन बिंदू मुलांनी स्वतः टिपावेत. ते जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. दर पंधरा मिनिटांनी सावली मोजून वहीत नोंदवावी. पुण्यात ती बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास नाहीशी होते. असे का, हा प्रश्न मुलांनाच पडू द्यावा. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली असून पुणे त्याच्या बरेच पश्चिमेस आहे, हे उत्तर त्यांना शोधू द्यावे.

दिशा साधण्याची ही रीत ‘सूर्यसिद्धान्ता’च्या त्रिप्रश्नाधिकारात दिलेली आहे. बारा अंगुळांचा शंकू हे आपल्या ज्योतिर्विदांचे नित्याचे उपकरण होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तर छायेच्या गणितासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. हा वारसा आपलाच.

परंतु वारशाचा उच्चार आणि वारशाचे आचरण यांत अंतर असते, आणि येथे आपण आत्मपरीक्षण केले पाहिजे. ‘सर्व शोध आमच्या पूर्वजांनी आधीच लावले होते’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून सहज उच्चारले जाते. ते ऐकून मूल टाळ्या वाजवते, पण त्याच्या हाती मोजपट्टी येत नाही. आधुनिक शिक्षण घेणारा तोच मुलगा पुढे महाविद्यालयात गेला आणि त्याला पुरावा विचारला गेला, की निरुत्तर होतो आणि मग खऱ्या गौरवस्थानांविषयीही साशंक बनतो. अतिशयोक्तीने परंपरेची हानी होते, ती अशी.

आपली परंपरा प्रश्नांना भ्यालेली नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे आर्यभटांनी म्हटले. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये त्यांच्या मतांवर कठोर टीका केली. पृथ्वीच्या भ्रमणाबाबत काळाने आर्यभटांना योग्य ठरवले. पण दोघेही आपल्याला वंदनीय आहेत. ग्रंथात आहे म्हणून मान्य, असे त्यांनी मानले असते तर भारतीय गणित पुढे गेलेच नसते.

येत्या मे महिन्यात प्रत्येक संस्कारवर्गाने आपल्या गावची तारीख काढून मैदानावर दंड उभारावा. पालकांनीही त्या दिवशी उन्हाचा बाऊ न करता, मुलांना टोपी आणि पाणी देऊन पाठवावे. शक्य तर स्वतःही यावे. पूर्वजांनी जे पाहिले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला त्यांच्या थोरवीविषयी वेगळे सांगावे लागणार नाही.