मासे सरकले, नियम मात्र तिथेच

समुद्रात कुंपणे नसली, तरी माशांच्या वावराला सीमा असतात आणि त्या प्रामुख्याने तापमानाने आखलेल्या असतात. बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. पाणी तापले, की त्यांची अन्नाची गरज वाढते आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र घटतो. अशा वेळी सरकणे किंवा सोसणे एवढेच मार्ग उरतात. ईशान्य प्रशांत महासागरात २०१४ ते २०१६ या काळात टिकलेल्या उष्णतेच्या लाटेने या दोन्ही मार्गांचे परिणाम दाखवून दिले.

२०१३-१४च्या हिवाळ्यात या भागावर हवेच्या उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला. वारे मंदावले, पाण्याची घुसळण कमी झाली आणि पृष्ठभागावरील उष्णता तेथेच साचून राहिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये काही भागांतील पाणी सरासरीपेक्षा अडीच अंश सेल्सिअसहून अधिक उबदार होते. हवामानशास्त्रज्ञ निक बाँड यांनी या उष्ण पट्ट्याला ‘ब्लॉब’ असे नाव दिले. पुढे २०१५-१६च्या प्रबळ ‘एल निनो’ची त्यात भर पडली.

परिणामी उबदार पाण्यात राहणारे स्किपजॅक टूना आणि ओशन सनफिश थेट अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडील सागरी प्राण्यांच्या ६७ प्रजाती आढळल्या. त्यांपैकी ३७ प्रजातींची इतक्या उत्तरेला पूर्वी नोंदच नव्हती. लाट ओसरल्यावर असे बरेच पाहुणे दिसेनासे होतात. परंतु काही प्रजाती नव्या ठिकाणी प्रजोत्पादन करून स्थिरावण्याची शक्यता असते.

ज्यांना सरकणे जमले नाही, त्यांची अवस्था बिकट झाली. अलास्काच्या आखातातील पॅसिफिक कॉडला उबदार पाण्यात जास्त अन्न लागत होते, तर उपलब्ध अन्न कमी झाले होते. कॉडच्या अंड्यांनाही थंड पाणीच मानवते. २०१७च्या पाहणीत कॉडचा साठा २०१५च्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. २०१८साठी पकडीची मर्यादा तब्बल ८० टक्क्यांनी कमी करण्यात आली आणि २०२० मध्ये तेथील केंद्रशासित पाण्यात कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली.

भारताच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. तारली अर्थात ऑइल सार्डिन हा मासा १९८०च्या दशकापर्यंत मुख्यतः ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांदरम्यानच्या मलबार किनाऱ्यावर मिळत असे. त्यानंतर तो उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही पसरल्याचे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवले असून, त्याचा संबंध तापत्या समुद्राशी जोडला आहे. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती अवघ्या ३,२९७ टनांवर आली. नंतर तेथील उत्पादन सावरले. या घसरणीमागे २०१५च्या एल निनोबरोबरच अतिरिक्त मासेमारीचाही हात असल्याचे संस्थेचे निष्कर्ष सांगतात. म्हणजेच सारा दोष समुद्राच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

खरी अडचण व्यवस्थापनाची आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने करते. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी दिनदर्शिकेनुसार चालते, पाण्याच्या तापमानानुसार नव्हे. मासा राज्याची हद्द ओलांडतो. लहान होडीच्या मच्छीमाराला मात्र त्याच्या मागे जाता येत नाही. त्याचे जाळे, इंधनाचा हिशेब आणि परवाना हे सारे ठरावीक पाण्यासाठीच असते.

उष्णतेच्या लाटांचा अंदाज काही महिने आधी वर्तविणे आता काही प्रमाणात शक्य झाले आहे. हे अंदाज पकडीच्या मर्यादांशी जोडणे आणि किनारी राज्यांनी माशांच्या साठ्यांची संयुक्त पाहणी करणे अगत्याचे आहे. अन्यथा प्रत्येक लाटेनंतर उरलेला साठा मोजण्याचेच काम हाती राहील आणि त्याची पहिली किंमत लहान मच्छीमार मोजेल.