दिलेली सोय परत काढून घेतली तर?

मैत्रिणींनो, समजा तुम्ही तीन भांड्यांचा मिक्सर घेतलात. तीन-चार वर्षं वाटण, दळण, चटणी सगळं झकास चाललं. मग एक दिवस कंपनीचा माणूस दारात उभा! म्हणतो, "बाई, चटणीचं भांडं परत द्या. नाहीतर बाकीची दोन्ही नीट चालणार नाहीत." तुम्ही काय म्हणाल? "अहो, तिन्ही भांड्यांचे पैसे मोजलेत मी!" होय ना?

अमेरिकेत अगदी असंच घडलं, फक्त वस्तू मिक्सर नव्हती, खेळाचं यंत्र होतं. सोनी कंपनीने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन-३ बाजारात आणलं. किंमत ५०० ते ६०० डॉलर. त्यात ‘अदर ओएस’ नावाची सोय होती. तिच्यामुळे त्याच यंत्रावर लिनक्स घालून ते संगणकासारखं वापरता येई. एका खर्चात दोन कामं! कोणत्या गृहिणीला हा हिशेब पटणार नाही?

पण १ एप्रिल २०१० ला कंपनीने नवं अपडेट पाठवलं आणि सुरक्षेचं कारण सांगून ही सोय काढून टाकली. अपडेट घेतलं तर लिनक्स जाणार. नाही घेतलं तर इंटरनेटवरून खेळणं बंद, आणि नवे खेळ चालतील याचीही शाश्वती नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

आता एवढ्यासाठी एकट्याने वकील कोण देणार? वकिलाची फीच यंत्राहून जास्त. म्हणून काही ग्राहकांनी सगळ्यांच्या वतीने एकत्र दावा लावला. २०११ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, पण २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यातला काही भाग पुन्हा उभा केला. २०१६ च्या तडजोडीत लिनक्स वापरल्याचा पुरावा देणाऱ्याला ५५ डॉलर आणि नुसतं त्या सोयीसाठी यंत्र घेतलं म्हणणाऱ्याला ९ डॉलर ठरले. न्यायाधीशांनी तीही मान्य केली नाही. शेवटी २०१८ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरचा निधी ठरला, माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर. वकिलांचा खर्चही त्यातूनच!

आठ वर्षांनी हाती काय, तर फार फार तर किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मग भांडून काय मिळालं, असं वाटेल. पण काढून घेतलेल्या सोयीपायी कंपनीला पैसे मोजावे लागले, हे काय थोडं झालं?

आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एकच तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकाला दावा करता येतो. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हं! प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे.

तेव्हा एवढं कराच. टीव्ही असो की फोन, पावती, माहितीपुस्तिका आणि ज्यावर सोयी छापल्यात तो खोका किंवा त्याचा फोटो जपून ठेवा. अपडेटला ‘हो’ म्हणण्याआधी काय येतंय तेवढंच नव्हे, काय जातंय तेही वाचा. आणि शेजारणीचीही तीच तक्रार असेल, तर दोघी मिळून लिहा. एकीचा कागद टोपलीत जाईल, दहाजणींचा सहसा जात नाही!